उधारीच्या पगड्या

माझा धंदा पगड्या बांधण्याचा. हे आता कुणाला सांगितलं की तो माझ्याकडे जरा बघतो आणि विषय बदलतो. आज पोरंसोरं काळ्या टोप्या घालून हिंडतात, पाच मिनिटांत डोकं झाकून होतं. पण मी सांगतोय तो काळ वेगळा. तेव्हा ट्रामला घोडे होते, आणि गिरगावात बोडक्या डोक्याने कचेरीला जाणारा माणूस शोधून सापडला नसता. साहेबासमोर बोडकं उभं राहणं आणि धोतर न नेसता उभं राहणं यात फारसा फरक नव्हता. ब्राह्मणाची पगडी निराळी, परभूची निराळी, शेणव्याची निराळी, सोनाराची निराळी. ठाकूरद्वारला माझं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, एक गाळा, पुढे बसायला फळी, आत ओळीने लाकडी साचे आणि खळीचा वास. तो वास माझ्या बोटांना अजून येतो. दुसऱ्या कुणाला येत नाही, मला येतो.

नवी पगडी बांधायची, जुनी मळली की उसवायची, धुवायची, खळ देऊन पुन्हा साच्यावर चढवायची, आणि लग्नसराईत व्याह्या-जावयांच्या मानाच्या पगड्या. सगळं उधारीवर. कारकुनाला पगार महिन्याने मिळतो आणि पगडी लागते उद्या सकाळी, तेव्हा उधारीशिवाय हा धंदा होत नव्हता. आता उधारी म्हटली की मागणं आलं, आणि मागण्याची आमच्या धंद्यात एक रीत होती. गिऱ्हाइकाच्या डोक्यावर पगडी असताना बाकी मागायची नाही. माझ्या बापाने मला पीळ घालायला शिकवण्याआधी हे शिकवलं. पगडी घातलेल्या माणसाला पैसे मागणं म्हणजे ती त्याच्या डोक्यावरून ओढणं, आणि आपण बांधलेली आपणच कशी ओढायची? तो जुनी पगडी बांधायला घेऊन येई, साच्यावर ठेवी, बोडका होऊन फळीवर बसे, तेव्हा हळूच विषय काढायचा. रीत चांगली होती. तिच्यापायी माझं दिवाळं वाजायची वेळ आली, तरी मी म्हणेन चांगली होती.

मग गाठीचा ताप आला, ज्याला प्लेग म्हणतात तो. अर्धं गिरगाव कुलपं लावून कोकणात पळालं, उरलेल्यातलं अर्धं दादर-माहीमकडे झोपड्या बांधून राहिलं. कचेऱ्या चालू होत्या म्हणे, पण पगड्या बांधून घ्यायला कुणाला सुचतंय? त्याच सालात माझी बायको गेली. सकाळी तिने भात टाकला होता, आणि तिसऱ्या दिवशी ती नव्हती. मूलबाळ आम्हाला झालं नव्हतं. वाडीतल्या लोकांनी दारं लावून घेतली. मी त्यांना दोष देत नाही, मीही लावली असती. खांदा द्यायला चार माणसं मिळेनात. मी दाराशी बसून होतो आणि आता काय करायचं हे मला खरोखर कळत नव्हतं.

तेव्हा भाऊ आले. भाऊ म्हणजे माझे सख्खे कुणी नव्हेत. कोटातल्या, म्हणजे फोर्टातल्या, एका सरकारी कचेरीत ते हेडक्लार्क होते, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठे, आणि माझं फार जुनं गिऱ्हाईक. मी त्यांना भाऊ म्हणे. आले ते कचेरीतले दोन शिपाई बरोबर घेऊन आले. चौथा मी. आम्ही चौघांनी तिला सोनापूरच्या मसणात नेलं. परतताना दुकानाशी आल्यावर भाऊ म्हणाले, "उद्या संध्याकाळी येतो. दुकान उघडं ठेव." मी ठेवलं.

त्या दिवसापासून ते रोज येऊ लागले. कचेरी सुटली की ट्रामने यायचे, फळीवर बसायचे, दिवेलागणीपर्यंत बोलायचे. काय बोलायचो? काही नाही. साहेबाचा कुत्रा, विहिरीचं पाणी, कुणाच्या मुंजीत कोण रुसलं. मी हाताने पीळ घालत असे आणि ते बोलत असत. दिवसभरात माझ्याशी बोलणारं तेवढंच माणूस होतं. रात्री खोलीत जाऊन मी सकाळचा भात खात असे, आणि खाताना भाऊ काय म्हणाले ते मनात पुन्हा घोळवत असे. हसू नका. एकट्या माणसाचं असंच असतं.

आता खरी गोष्ट सांगतो. माझी सगळ्यांत मोठी बाकी भाऊंकडेच होती. त्यांना तीन मुली. तिघींची लग्नं झाली, तिन्ही वेळा जावयाची, व्याह्याची, व्याह्याच्या भावांची, मामांची, सगळ्यांच्या मानाच्या पगड्या माझ्याकडून गेल्या. उंची मलमल, जरीची कड. माणूस देणार नाही असा नव्हता, पण तीन लग्नांनी त्यांना पार पिळून काढलं होतं. आणि मला ते कसं कळलं, तर त्यांच्या पगडीवरून. पूर्वी भाऊ आले की आधी पगडी काढून गुडघ्यावर ठेवायचे आणि उपरण्याने टक्कल पुसायचे. धाकटीचं लग्न झालं आणि ते पगडी काढीनासे झाले. वैशाखात, घामाच्या धारा कानामागून उतरताहेत, तरी पगडी डोक्यावर. रीत त्यांनाही ठाऊक होती. डोक्यावर आहे तोवर मी मागणार नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. मला हसूही येई आणि वाईटही वाटे. काढा हो भाऊ, मी नाही मागत, असं सांगावंसं वाटे. पण ते सांगणं म्हणजेच मागणं झालं असतं. म्हणून मी ताडाचा पंखा काढून फळीवर ठेवू लागलो. ते काही न बोलता वारा घेत.

तापाची दुसरी लाट ओसरली, लोक परतले, पण परतलेल्यांना जुनी बाकी आठवेना. गाळ्याच्या मालकाला मात्र भाड्याची आठवण पक्की होती. मालक माणूस वाईट नव्हता, दोन वर्षं थांबला होता. एक दिवस येऊन म्हणाला, टोप्यांच्या एका व्यापाऱ्याला गाळा हवाय, रोख भाडं देतो म्हणतो, मी तरी किती थांबू? दसऱ्यापर्यंत मागची सगळी बाकी चुकती कर, नाहीतर साचे उचल. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? बायकोचा भाऊ लालबागकडे गिरणीत होता, तो कधीचा म्हणत होता की ये, कामाला लावून देतो. गाळा गेला की मला तिकडेच जावं लागणार होतं. आणि तिकडे गेलो की संध्याकाळी फळीवर येऊन कोण बसणार? मला गाळा हवा होता तो तेवढ्यासाठी. पोट काय, गिरणीतही भरलं असतं.

मी हे भाऊंना सांगितलं. सांगणं मला जड गेलं, कारण उधारीचा विषय निघाला की दोघांनाही पुढचं ठाऊक. भाऊंनी बराच वेळ पंखा हलवला. मग म्हणाले, "तुला वसुली जमायची नाही. तुझी ती रीत. वसुलीला माणूस लागतो, ते काम करणारा. आपण बघू कुणीतरी."

आपण म्हणाले. ही एक मजाच होती. माझी उधारी वसूल करायला माणूस शोधत आम्ही दोघं हिंडणार, आणि त्यातले एक माझे सगळ्यांत मोठे देणेकरी.

पहिल्यांदा वकील. भाऊंच्या ओळखीचा, लहान दाव्यांच्या कोर्टात काम करणारा, तरुण, चुणचुणीत. आम्ही बाकावर बसून राहिलो. आत बोलावल्यावर त्याने विचारलं, "उधारीच्या चिठ्ठीवर गिऱ्हाइकाची सही आहे का?"

मी म्हटलं, "सही कसली? डोक्यावर पगडी आहे की त्याच्या."

तो हसला. चांगला हसला, कुत्सित नव्हे. मग त्याने स्टँप, समन्स, फी असं बरंच काय काय सांगितलं. भाऊ मला ते सोपं करून सांगत होते आणि मी मान हलवत होतो. शेवटी वकील म्हणाला, "असं करू. सगळ्यांत मोठी बाकी ज्याची, त्याच्यावर आधी दावा लावू. तो हरला की खर्च निघतो आणि बाकीचे आपोआप येतात. मोठी बाकी कुणाची?"

भाऊ माझ्या शेजारीच बसले होते. त्यांनी मान वळवली नाही. ते भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते.

"मोठी अशी कुणाची नाही," मी म्हटलं. "फुटकळच आहेत सगळ्या."

वकिलाने फुटकळ दाव्यांना फी परवडत नाही असं प्रामाणिकपणे सांगितलं. आम्ही उठलो. परतताना ट्राममध्ये न बसता चालतच आलो. धोबीतलावाशी भाऊंनी फुटाणे घेतले आणि सगळा पुडा माझ्या हातात दिला. स्वतः एक दाणा खाल्ला नाही. मी पुडा धरून त्यांच्या मागोमाग चालत राहिलो.

दुसरा माणूस बायकोच्या भावाने सुचवला. परळच्या बाजूला एक तालीमबाज होता, वसुल्या करायचा. भाऊ म्हणाले, मी नाही येत, मला तिथे कुणी पाहिलं तर बरं दिसणार नाही. मी एकटाच गेलो. वाटेत लालबागला मेव्हण्याला भेटावं म्हणून गिरणीत शिरलो. त्याने हौसेने मला आत नेलं. बघून घे, म्हणाला, इथेच तुझं मशीन. निदान मला वाटतं तसं म्हणाला, कारण ऐकू काहीच येत नव्हतं. माणसं शेजारी शेजारी उभी राहून हातांनी बोलत होती. डोक्याला फडकी गुंडाळलेली, भुवयांवर कापूस. एक म्हातारा माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाला आणि हसला, मला कळलं नाही, मीही हसलो. एवढ्या माणसांत मला जेवढं एकटं वाटलं तेवढं रिकाम्या खोलीतसुद्धा कधी वाटलं नव्हतं. बाहेर आल्यावर मी रस्त्याच्या कडेला थोडा वेळ बसलो.

तालीमबाज भेटला तो अंगाला माती फासलेलाच. स्वभावाने गरीब. त्याने मला दूध दिलं आणि विचारलं, "कुणाकुणाची उचलायची तेवढं सांग."

"काय उचलायची?"

"पगडी. कचेरी सुटली की वाटेत उचलायची आणि तुझ्या फळीवर आणून ठेवायची. पैसे टाकून सोडवून नेतील. मारामारी नाही, काही नाही."

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "अरे बाबा, मी ती चढवायचे पैसे मागतोय, आणि तू ती उतरवणार? उद्या माझ्याकडे कुणी येईल का?"

तो गोंधळला. त्याला वाटलं होतं, पगडीवाल्याला ही युक्ती आवडेल. "मग तू वकील कर," तो म्हणाला. मी दूध संपवलं आणि निघालो. तिथून ठाकूरद्वारपर्यंत येताना मी त्या माणसाला मनातल्या मनात शिव्या घालत होतो, आणि त्याची युक्ती लागू पडली असती हे मला ठाऊक होतं म्हणून जास्तच घालत होतो.

तिसरा माणूस भाऊंनीच आणला. एका संध्याकाळी बरोबर घेऊनच आले. उंच, काटकुळा, अंगात बंद गळ्याचा कोट, काखेत छत्री. कोर्टातली नोकरी सोडून वसुल्या करायला लागलेला. रुपयामागे दोन आणे घेई.

"आपण मागता कसे?" मी विचारलं.

"मी मागत नाही," तो म्हणाला. "मी नमस्कार करतो."

त्याने समजावून सांगितलं. पहिल्या दिवशी रस्त्यापलीकडून नमस्कार. दुसऱ्या दिवशी कचेरीच्या जिन्याशी. मग जरा वाकून. मग साहेबाची गाडी यायच्या वेळी, सगळे कारकून उभे असताना, दोन्ही हात जोडून, "रावसाहेब, नमस्कार करतो" एवढंच. तोंडातून पैशाचा शब्द नाही. आठवडाभरात शेजारचा विचारतो, हा कोण हो तुमचा? मग ते देतात.

"पगडीला हात लावायचा नाही."

"छे, छे. मी कुणालाच हात लावत नाही."

मला हसू आलं. किती दिवसांनी मी हसलो होतो. भाऊंकडे बघितलं तर ते हसत नव्हते. ते खाली बघत होते आणि कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. या माणसाचे नमस्कार भाऊंनी कधीतरी स्वतः घेतले होते. कुणाच्या बाकीसाठी, मी विचारलं नाही. पण आपल्याला जे लागलं ते औषध त्यांनी माझ्यासाठी आणलं होतं, हे मला तेव्हा उमगलं.

मी नावं सांगितली, त्याने लिहून घेतली. शाळामास्तर, दोन पोस्टातले, एक कस्टममधला, असे बरेच. शेवटचं नाव झालं. त्याने पेन्सिल वर केली. "एवढेच?"

"एवढेच," मी म्हटलं.

भाऊ उठले. "चलतो मी," म्हणाले, आणि दिवा लागायच्या आधीच गेले. मला धाकधूक वाटली. पण दुसऱ्या दिवशी आपल्या वेळेला आले, साहेबाच्या कुत्र्याची गोष्ट सांगितली, आणि मी मुद्दाम जास्तच मोठ्याने हसलो.

पैसे यायला लागले. नमस्कार लागू पडत होते. शाळामास्तर स्वतः आले आणि नाणी फळीवर टाकून म्हणाले, "हे घे, आणि तुझ्या त्या भुताला आवर. पोरं माझी नक्कल करतात." दुसऱ्या एकाने बायकोच्या हाती पाठवले. पोस्टातल्याने पैसे दिले आणि माझ्या दुकानावरून जाणंच सोडलं, पलीकडच्या बाजूने जायचा. मी गाळा राखत होतो आणि गिऱ्हाइकं घालवत होतो. माझी रीत मी मोडली नव्हती, मोडायला माणूस ठेवला होता. पण ज्याला ते भोगावं लागलं त्याला यातला फरक काय दिसणार?

दसरा जवळ आला तशी बेरीज स्पष्ट झाली. सगळ्यांचे आले तरी भाडं पुरं होत नव्हतं. कमी पडत होते ते साधारण भाऊंकडे होते तेवढेच. आम्ही दोघंही हिशेबी माणसं. दोघांनाही कळत होतं. भाऊ रोज विचारायचे, "जमले का रे?" आणि मी म्हणायचो, "जमतील."

एकदा त्यांनी सोडलं नाही. "जमतील म्हणजे? कमी किती आहेत ते सांग."

मला राग आला. त्यांचा नव्हे. मालकाचा, तापाचा, सगळ्याचाच. पण समोर तेच होते. "तुम्हाला काय करायचंय?" मी म्हटलं. "माझं मी बघीन."

भाऊंचा पंखा हलायचा थांबला. मग त्यांनी आपल्या थोरल्या मुलीचं पत्र आलंय, नातवाला दात आले, असं काहीतरी सांगितलं. मी बरं बरं म्हटलं. जाताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. असं ते कधी करत नसत.

त्यानंतर दोन दिवसांनी नमस्कारवाले आले आणि एक रुमालाची पुरचुंडी पुढे ठेवली. मी सोडली. एवढे पैसे एकदम त्या साऱ्या वसुलीत आले नव्हते.

"कुणाचे?"

"एका गृहस्थांचे. आपण नाव दिलं नव्हतं. ते स्वतः माझ्या घरी आले, स्वतःचं नाव यादीत लिहवून घेतलं आणि रक्कम दिली. म्हणाले, इतरांच्या पैशासारखीच पोचवा."

मी म्हटलं, "तुम्ही त्यांना नमस्कार केलात?"

"गरजच पडली नाही. माझे रुपयामागचे दोन आणे मात्र मी कापून घेतले आहेत. वसुली ती वसुली."

मी त्यांच्या अंगावर ओरडलो. तुम्ही काय केलंत म्हणून कापले, म्हटलं. ते शांतपणे म्हणाले, "त्यांनीच तसं सांगितलं. ही वसुलीच आहे, तुमचं कमिशन घ्या म्हणाले." आणि छत्री उचलून गेले.

त्या संध्याकाळी मी पंखा काढून ठेवला, फळी पुसली. भाऊ आले नाहीत. दुसऱ्या संध्याकाळी आले नाहीत. तिसऱ्या संध्याकाळी मी दुकान बंद केलं आणि त्यांच्या घरी गेलो. दारात त्यांचा जोडा होता, टाचेकडे झिजलेला, मी तो रोज बघत होतो. वहिनी बाहेर आल्या.

"घरात नाहीत," त्या म्हणाल्या. "कीर्तनाला गेलेत."

"अनवाणी?" हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी बोललो नाही. वहिनींनी मला गूळपाणी दिलं. देताना हात पुढे आला. हातात नुसता काचेचा चुडा होता. मी त्या घरी वर्षानुवर्षं जात होतो, मानाच्या पगड्या पोचवायला जात होतो, आणि प्रत्येक वेळी त्या हातात सोन्याच्या पाटल्या असत. मी पाणी प्यायलो. आत कुणीतरी खोकलं. वहिनींनी पदर सावरला आणि म्हणाल्या, "सांगते तुम्ही आला होता म्हणून."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी मालकाला सगळं भाडं मोजून दिलं. तो खूश झाला. टोपीवाल्याला त्याने पलीकडच्या नाक्यावर जागा दिली. दसऱ्याला सोनं म्हणून आपट्याची पानं मी साच्यांवर ठेवली. गाळा माझा राहिला. माझ्या मनासारखं झालं, असंच म्हणायला हवं.

मग रोजची संध्याकाळ यायची आणि मी तिचं काय करावं ते मला कळत नसे. दिवसा काम थोडं, तरी हाताला काही असे. कचेऱ्या सुटायची वेळ झाली, ट्रामच्या घोड्यांच्या घंटा वाजायला लागल्या की माझं लक्ष रस्त्याकडे जाई. माणसं उतरत, वाड्यांत शिरत. मी काय करायचं? मी त्यांना पैसे मागितले नव्हते. त्यांनी ते बुडवले नव्हते. कुणाचंच काही चुकलं नव्हतं. म्हणून तर बोलायला काही जागाच उरली नव्हती. भांडण असतं तर मी जाऊन पाय धरले असते. मी तीनदा त्यांच्या कचेरीपर्यंत गेलो आणि जिन्याशी उभं राहून परत आलो. तिथे उभं राहिलेल्या माणसाला लोक काय समजतील, हे माझ्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार? खोलीत आलं की मी भिंतीशी बोलू लागलो. आधी हळू, मग मोठ्याने. शेजारची म्हातारी एकदा विचारून गेली, कोण पाहुणे आलेत का?

थंडीचे दिवस आले होते. एका सकाळी मी दुकान उघडायला निघालो होतो आणि ट्राम थांबते तिथे भाऊ उभे होते. मला बघून ते वळले नाहीत, तेवढं बरं वाटलं.

"गाळा राहिला ना?" त्यांनी विचारलं.

"राहिला, भाऊ."

"बरं झालं."

मग दोघंही रस्त्याकडे बघत उभे राहिलो. मला शंभर गोष्टी सांगायच्या होत्या. संध्याकाळी या, एवढंच सांगायचं होतं. मी त्यांच्याकडे वळलो आणि माझं लक्ष त्यांच्या डोक्याकडे गेलं.

पगडी नवी होती. माझी नव्हती. मी बांधलेली पगडी मी अंधारात हात लावून ओळखेन. ही दुसऱ्या कुणीतरी बांधली होती, कोटाकडे बसतात त्यांपैकी कुणीतरी, रोखीने. घेर डावीकडे कलला होता. पीळ सैल पडला होता, दोन महिन्यांत कानावर उतरला असता. कपाळावरची कड सरळ नव्हती. इतकी वर्षं ज्या डोक्यावर मी केसभर फरक पडू दिला नाही, त्यावर हे. माझी बोटं आपोआप उचलली गेली, दोन चिमटीत ती मी सरळ केली असती. पण हात तिथवर नेणार कसा? भाऊंना कळलं मी काय बघतोय. ते ताठ उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांत अशी काही भीती होती की मला रडू येईल असं वाटलं.

"छान बसलीय," मी म्हटलं.

"हो?" भाऊ म्हणाले.

"हो. अगदी छान."

त्यांचा चेहरा सैलावला. ट्राम आली, ते चढले. मी जाऊन दुकान उघडलं.